पार्टेबाई आणि चार डिस्का

पार्टेबाई एकाच बोटाने टाइप करायच्या, आणि जे टाइप करायचं ते मोठ्याने म्हणायच्या. "एस. एम. ए. आर. टी. सी. टी. एल. जागा सोड. आडवी रेघ. लहान ए." शेवटी एंटर दाबून झालं की हात मांडीवर ठेवून, मान थोडी तिरकी करून, काळ्या पडद्यावर धावणाऱ्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत बसायच्या. एका सोमवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीसमोरून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं, आत कुणीतरी बिगरीतल्या पोराला इंग्रजी मुळाक्षरं शिकवतंय.

कॉलेज महाडचं. मी तिथे मराठी शिकवतो. बाई संगणक प्रयोगशाळेत सहायक होत्या. मूळच्या पोलादपूरच्या वर डोंगरात असलेल्या एका वाडीतल्या. नोकरीला लागल्या त्या प्रयोगशाळेतल्या टेबलांवरची धूळ पुसायला. पुसता पुसता त्या काय काय शिकल्या आणि कुणाकडून, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "बघून बघून. गुरं राखायला कोण शिकवतं काय?"

कॉलेजचा सगळा ऐवज एका मोठ्या संगणकात असायचा, आणि त्याच्या पोटात चार हार्ड डिस्का होत्या. पुराचं पाणी एकदा तळमजल्यावर येऊन गेल्यापासून तो दुसऱ्या मजल्यावरच्या एका चिंचोळ्या खोलीत ठेवलेला. मुलांचे निकाल, दाखले, हजेऱ्या त्यात होत्या आणि आमच्या मराठी विभागाचं ध्वनिमुद्रणही त्यातच होतं. दहा-बारा वर्षं मी आणि माझे विद्यार्थी पोलादपूर-महाडच्या वाड्यावस्त्यांवर हिंडून म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या, गाणी, हकिकती मुद्रित करत होतो. आधी आम्ही सगळं सीडींवर उतरवून कपाटात ठेवलं होतं. दोन पावसाळ्यांत त्या सीडींवर अशी बुरशी चढली की त्या पापडासारख्या दिसायला लागल्या. मग उरलं ते या चार डिस्कांवर.

त्या खोलीत बाई चपला बाहेर काढून जायच्या. आत गेल्यावर आधी हाताची उलटी बाजू पेटीला लावायच्या. "आज अडतीसच्या आसपास हाय." मग खुर्चीत बसून एकेका डिस्केला तब्येतीचा तो लांबलचक, अक्षर-अक्षर टाइप करायचा प्रश्न विचारायच्या. तिने आपलं तापमान छत्तीस किंवा एकोणचाळीस सांगितलं की वहीत लिहायच्या. बरोबर अडतीस आलं तर मात्र खुर्ची मागे सरकवून आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघायच्या.

"बाई, रोज कशाला विचारायचं? काही झालं तर यंत्रच सांगेल की," मी एकदा म्हटलं.

"यंत्र खोटं बोलत नाय, सर. पण विचारल्याबिगर सांगत पण नाय. माझा नवरा असाच होता."

पुढे एकदा त्यांनी मला डिस्केच्या उत्तराचा तो अहवाल समजावून सांगितला. डिस्केच्या पोटात माहिती ठेवायच्या लाखो बारीक बारीक जागा असतात. एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथलं सामान उचलून राखीव जागेत नेते. त्यांना बाई 'घर बदललेले' म्हणायच्या. जी जागा धड वाचताही येत नाही आणि धड सोडताही येत नाही, ती 'लटकलेली'. घर बदललेले दोन-चार असले तर चालतं. लटकलेले वाढायला लागले की समजायचं, दिवस भरत आले.

चारी डिस्का दिसायला सारख्या, त्यामुळे बाईंनी त्यांना गावांची नावं दिली होती. पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहिलेली: नाते, बिरवाडी, वरंध आणि सव. शेवटची पहिल्यापासून जास्त तापायची, आणि गरम पाण्याचे झरे सवला, म्हणून ती सव. इतकी सरळ गोष्ट. पण तिच्यापायी मला एकदा वीस मुलं घेऊन ते गाव गाठावं लागलं.

त्याचं असं झालं. घाटावरून नवे प्राचार्य आमच्याकडे रुजू झाले. माणूस कामाचा, कागद आला की त्यावर कारवाई केल्याशिवाय खाली न ठेवणारा. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर बाईंचा कागद गेला:

'साप्ताहिक तब्येत. नाते: ठीक. बिरवाडी: दोन लटकलेले, लक्ष ठेवणे. वरंध: ठीक. सव: ताप एकावन्न. एकतीस जणांनी घर बदलले. सतरा लटकलेले. लवकर काहीतरी करावे ही विनंती.'

राष्ट्रीय सेवा योजना तेव्हा माझ्याकडे होती. प्राचार्यांनी मला तातडीने बोलावलं.

"सर, सव गाव इथून किती लांब आहे?"

"जवळच आहे."

"आणि तुम्ही इथे बसलात? एकतीस कुटुंबं गाव सोडून गेलीत! ताप एकावन्न जणांना! आणि हे सतरा लोक..." ते कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "कुठे लटकलेत हे?"

मी कागद पाहिला. अक्षर ओळखीचं वाटलं, पण मला पट्ट्यांची गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. मलाही वाटलं, बाईंच्या ओळखीच्या कुणीतरी कळवलं असेल. तासाभरात मी वीस मुलं, क्षारसंजीवनीची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या आणि एक ओळखीचे डॉक्टर घेऊन सवला पोचलो. गावात सामसूम. एक गृहस्थ अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी विचारलं, "तापाचे रुग्ण कुठे आहेत?"

"ताप?" ते म्हणाले. "आमच्याकडं पाण्यालाच ताप हाय, सर. आलात तर आंघोळ करून जा."

मुलांनी ते शब्दशः घेतलं. डॉक्टरही कुंडात उतरले. संध्याकाळी मी प्राचार्यांना सगळं सांगितलं आणि त्यांनी बाईंना बोलावलं. बाई पदर खोचून शांतपणे उभ्या राहिल्या.

"गावांची नावं कशाला दिलीत तुम्ही यंत्राला?"

"मग काय देऊ, सर? माणसांची दिली असती तर पोलीस आले असते."

प्राचार्य हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं, उपकरणांना गावांची नावे देऊ नयेत, क्रमांक द्यावेत. मुख्य लिपिक स्वतः येऊन पट्ट्या काढून गेले आणि छापील आकडे चिकटवून गेले: एक, दोन, तीन, चार.

बाई म्हणाल्या, "साहेब, यंत्र शून्यापासून मोजतं. त्याचा तीन म्हणजे तुमचा चार."

लिपिक म्हणाले, "शून्य नंबरचं घर कधी बघितलंय का तुम्ही?" आणि निघून गेले.

सव म्हणा, चार म्हणा, यंत्राच्या हिशेबाने तीन म्हणा, तिची तब्येत काही सुधारेना. बाई दर सोमवारी नवी डिस्क मागायच्या. प्राचार्यांनी एकदा वर येऊन स्वतः अहवाल बघितला. शंभरेक ओळी, आणि त्यात वरच्या बाजूला ठळकपणे 'पास्ड'.

"हे बघा. यंत्र स्वतः म्हणतंय, पास."

"पास हा निकाल नाय, सर. ती सवलत हाय," बाई म्हणाल्या. "आमचा धाकटा भाऊ दहावी पास झाला. पस्तीस, पस्तीस, पस्तीस, छत्तीस. आईनं पेढे वाटले. मी एकटीनं गुणपत्रिका वाचली. खाली बघा. सतरा होते ते चाळीस झालेत."

प्राचार्य खाली बघत राहिले. त्यांना कळलं असावं, कारण त्या दिवशी नवी डिस्क मंजूर झाली. पण मंजूर होणं आणि येणं यात आमच्याकडे एक घाट असतो. डिस्क येऊन भांडारात पडली, आणि ती बसवायला पुण्याहून इंजिनिअर येणार अशी तारीख लागली ती थेट मार्चमधली.

ती तारीख सोमवारची होती, आणि नेमकी त्याच सकाळी सवने मान टाकली. चारांपैकी एक गेली तर बाकीच्या तिघी मिळून काम निभावतात. दोन गेल्या तर सगळं जातं. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "तिघींवर चाललंय. आणि बिरवाडी पण लटकायला लागलीय."

इंजिनिअर दुपारी पोचले. चवदार तळ्यावरची मार्चची गर्दी, रस्ते वळवलेले, गाडी लांब लावून चालत आलेले, त्यामुळे घामाघूम आणि घाईत. गळ्यात ओळखपत्र, कमरेला दोन फोन. "कुठली खराब आहे?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "थांबा, नवी भांडारातून आणते, मग दाखवते. तोवर चहा घ्या." त्या गेल्या. खोलीत मी, प्राचार्य आणि इंजिनिअर. इंजिनिअरनी पडद्यावर पाहिलं, तिथे लिहिलं होतं, तीन नंबर बंद. त्यांनी पेटीकडे पाहिलं, तिथे मुख्य लिपिकांनी चिकटवलेला तीन होता. त्यांनी तो खटकन बाहेर ओढला.

म्हणजे वरंध. धडधाकट, निरोगी वरंध.

पडदा क्षणभर तसाच राहिला, मग त्यावर ओळींमागून ओळी यायला लागल्या. शेजारच्या संगणकावर माझा ध्वनिमुद्रणाचा कप्पा उघडा होता. तो रिकामा झाला. बारा वर्षांत जमवलेल्या सगळ्या बायका एका क्षणात गप्प. त्यातल्या निम्म्या आता हयातही नव्हत्या. मी तिथेच फरशीवर बसलो.

बाई खोकं घेऊन दारात आल्या. त्यांनी इंजिनिअरच्या हातातली डिस्क बघितली. मी वाट बघत होतो की आता त्या काय बोलतील. पोलादपूरकडच्या शिव्या मी मुद्रित केलेल्या आहेत, मला त्यांचा साठा ठाऊक होता.

"कुणी काय दाबू नका," त्या म्हणाल्या. चपला काढल्या, आत आल्या. इंजिनिअरना म्हणाल्या, "दादा, बाहेर काढल्यावर आणखी काय केलंत?"

"काहीच नाही, मॅडम."

"देवाची शपथ?"

"आईशपथ, मॅडम."

"मग आता घाबरू नका. जिथनं काढली तिथंच घाला. हळू. बाळाला पाळण्यात घालता तशी."

मग त्यांनी यंत्र बंद केलं, परत चालू केलं, वही उघडली. प्रत्येक डिस्केचा कारखान्यातला लांबलचक अनुक्रमांक त्यांनी वहीत उतरवून ठेवला होता. एकेकीला तोच प्रश्न विचारला, एका बोटाने, मोठ्याने. आलेला अनुक्रमांक वहीशी पडताळला. ही नाते. ही बिरवाडी. ही वरंध, बरी हाय. प्राचार्य भिंतीला टेकून उभे होते. शेवटी बाईंनी तिघींना परत एकत्र बांधायची आज्ञा दिली. ती त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लाल शाईत, चौकटीत होती. एंटर दाबून त्यांनी डोळे मिटले.

माझा कप्पा परत भरला. वरून खालपर्यंत, सगळ्या जणी.

इंजिनिअर नवी डिस्क घेऊन पुढे सरसावले तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला. "आता नाय. नवी घातली की या तिघींना सगळं परत वाचून तिला द्यावं लागंल. त्या दगदगीत बिरवाडी गेली तर? आधी सरांच्या बायका बाहेर काढते."

वाक्य ऐकून प्राचार्य पहिल्यांदा हसले. इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. जाताना ते स्वतः मुख्य लिपिकांचे आकडे नखाने खरवडून काढून गेले.

मुद्रणं वेगळ्या डिस्केवर उतरायला दोन दिवस लागले. यंत्राने नक्कल तंतोतंत झाल्याचं सांगितलं, आकडे जुळले. पण पास म्हटल्यावर गुणपत्रिका वाचणारी ही बाई. त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि एकेक मुद्रण सुरुवातीला थोडं, मध्ये थोडं, शेवटी थोडं, असं ऐकायला लागल्या. याआधी त्यांनी यातलं एकही ऐकलं नव्हतं. मी आग्रह केला होता तर म्हणाल्या होत्या, "आमच्या वाडीतल्या बायका मला फुकटात ऐकायला मिळाल्यात, सर."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण कसंनुसं.

"सर, ही कोण?"

मी पडद्यावर वाचलं. "सोनाबाई. तुमच्याच वाडीतल्या."

"ही सोनाकाकी नाय. ही द्रुपदाकाकी. तिची जाऊ. नावं उलटी पडलीत तुमची."

मी म्हटलं, शक्य नाही. बाईंनी हेडफोन माझ्या कानाला लावला. "दोघी चाळीस वर्षं एका जात्यावर दळायला बसल्या, म्हणून चाल एक, हेल एक. पण द्रुपदाकाकी श्वास घ्यायला ओळीच्या मधे थांबते. तिला दमा हाय. सोनाकाकी ओळ संपल्याबिगर मरायची नाय."

मी हेडफोन काढून ठेवला. सोनाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यांच्या बाराव्याला मी मुद्दाम वाडीवर गेलो होतो, छोटा स्पीकर घेऊन. सगळ्यांसमोर त्यांच्या ओव्या लावल्या होत्या. त्यांची लेक सुनंदा हंबरडा फोडून रडली होती. घरदार रडलं होतं. मीही डोळे पुसले होते, आणि आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटून परतलो होतो. त्या दिवशी द्रुपदाबाई कोपऱ्यात, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. हे मला लख्ख आठवलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"चूक सापडली की सोमवारपर्यंत ठेवायची नाय," बाई म्हणाल्या.

तरी परीक्षांमुळे मे उजाडलाच. बाई त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होत्या. कॉलेजच्या जुन्या जीपमधून मी, बाई आणि ड्रायव्हर सकपाळ असे आम्ही निघालो. पोलादपूर सोडून गाडी चढणीला लागली. बाईंनी वाटेत पर्समधला पेनड्राइव्ह दोनदा काढून बघितला.

सुनंदा माहेरी आलेलीच होती. मी तिच्या आणि द्रुपदाबाईंच्या समोर ओटीवर बसून, मास्तरकी आयुष्यात पहिल्यांदा बाजूला ठेवून, घडलं ते सांगितलं. तुमच्या आईचा म्हणून जो आवाज ऐकवला तो यांचा होता. माझी चूक. सुनंदा चुलतीकडे वळली.

"काकी, तुला ठावं होतं?"

"माझा आवाज मला ठावा नसंल?" द्रुपदाबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाय गो?"

"सगळी रडत होती. कशाला मोडू? म्हटलं रडू दे." म्हातारी तंबाखूची चिमूट दाढेला धरत म्हणाली, "आणि माझ्या मरणाला कोण कोण कसं रडंल, ते पण बघून झालं. तुझा मोठा भाऊ नाय रडला. त्याच्यावर माझं ध्यान हाय."

आधी पार्टेबाई हसल्या. मग सुनंदा. मग मीही, चोरासारखा.

बाईंनी खरं मुद्रण लावलं. सोनाबाईंच्या दोन ओव्या झाल्या, न थांबता, एका दमात. सुनंदाने पदर तोंडाला लावला. आणि तिसऱ्या ओवीच्या मध्यावर स्पीकरमधून सोनाबाई खेकसल्या, "ए मास्तर, ते तुझं यंत्र बंद कर रे जरा! कोंबडी घरात शिरली!"

सुनंदा रडता रडता हसायला लागली, आणि "ही! ही माझी आई!" असं म्हणत तिने बाईंचा दंड घट्ट धरला. ते मुद्रण आम्ही चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी शेजारचीही माणसं येऊन बसली होती. कोंबडीच्या जागी सगळे एकदम हसत होते.

उन्हं कलली. बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, सर. मी चार दिवस राहते." सकपाळ आणि मी गाडीत बसलो. त्यांनी किल्ली फिरवायला हात नेला आणि मी सहज मागे पाहिलं.

ओटीवर द्रुपदाबाई गायला लागल्या होत्या, स्वतःहून, कुणी न सांगता. समोर पार्टेबाई मांडी घालून बसलेल्या. उजव्या हातात फोन, म्हातारीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेला. डावा हात आमच्या दिशेने उचललेला, पंजा उघडा. थांबा. आवाज नको.

सकपाळांनी किल्ली सोडली. म्हातारी दम्यामुळे ओळीच्या मधे थांबत होती, श्वास घेत होती, पुढे जात होती. बाईंचा हात तसाच वर.

"काय करू, सर?" सकपाळ कुजबुजले.

"ढकलू या."

आम्ही दोघं खाली उतरलो. सकपाळांनी दारातून एका हाताने स्टिअरिंग धरलं, मी मागून खांदा लावला, आणि ती जुनी जीप इंजिन सुरू न करता, ओढ्याकडच्या वळणापर्यंत, आवाज न करता ढकलत नेली. वळणावर मी धापा टाकत मागे वळून पाहिलं. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि त्या महिनाअखेरीला बाई आपल्या लेकीकडे नाशिकला गेल्या, त्यामुळे त्यांना बघितलं ते एवढंच शेवटचं.

हात अजून खाली आला नव्हता.